'तळ्यात-मळ्यात'मधलं गणित: चार वर्षांच्या मुलानं आधी १०० पर्यंत आकडे लिहायला शिकावं की थांबायला?

"तळ्यात... मळ्यात... तळ्यात... तळ्यात!"

शेवटच्या 'तळ्यात'ला एखादं मूल हमखास बाहेर उडी मारतं आणि बाद होतं. खरं तर ते आधीच तळ्यात उभं असतं. त्याला काहीच करायचं नसतं, फक्त जागेवर थांबायचं असतं. पण चार-पाच वर्षांच्या मुलासाठी तेच सगळ्यात अवघड असतं.

जमिनीवर आखलेली एक रेघ आणि हाका देणारा एक भिडू, एवढ्यावर हा खेळ चालतो. पण त्यात लहान मुलाच्या दोन क्षमता एकाच वेळी पणाला लागतात. रेघेच्या आत काय आणि बाहेर काय हे ओळखणं, ही भूमितीची अगदी पहिली पायरी. आणि उडी मारायला निघालेलं शरीर ऐनवेळी आवरणं, याला मानसशास्त्रात म्हणतात स्वनियमन.

लहान मुलांच्या शिक्षणावरच्या गेल्या वीसेक वर्षांच्या संशोधनात या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा शेजारी-शेजारी दिसतात. पण बडनेऱ्यातल्या, अमरावतीतल्या किंवा अकोल्यातल्या पालकांसमोरचा प्रश्न वेगळाच असतो. शेजारचं पोरगं नर्सरीत १०० पर्यंत आकडे लिहितं, मग आपलं का नाही?

हा प्रश्न आत्ता महत्त्वाचा का झाला आहे, संशोधन काय सांगतं आणि अंगणवाडीत, बालवाडीत, घरात याचा अर्थ काय होतो? समजून घेऊया.

हिंदीच्या वादात मागे पडलेली गोष्ट

१६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारनं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय काढला. त्यात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा असल्यानं मोठा वाद पेटला. जूनमध्ये सुधारित निर्णय आला आणि अखेर २९ जूनला सरकारनं भाषेबाबतचे दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा केली.

या सगळ्या गदारोळात एका गोष्टीवर फारसं बोललं गेलं नाही. २०२५-२६ पासून राज्यात पहिलीसाठी नवा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तो ज्या चौकटीवर उभा आहे तिचं नाव आहे 'पायाभूत स्तर'.

हा स्तर वयाच्या ३ ते ८ वर्षांचा आहे. म्हणजे अंगणवाडी, बालवाडी किंवा नर्सरी-केजीची तीन वर्षं आणि त्यापुढे पहिली आणि दुसरी. आतापर्यंत 'शाळा' म्हटलं की पहिलीपासून मोजायची सवय होती. २०२० च्या धोरणानं ती मोजणी तीन वर्षांच्या वयापासून सुरू केली. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं कारण धोरणात दिलं आहे.

या स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. त्यात गणिताच्या उद्दिष्टांमध्ये संख्येच्या बरोबरीनं आकार आणि मापन आहे. मुलांनी मूळ आकार ओळखावेत, बनवावेत, त्यांची वर्गवारी करावी आणि कोणती वस्तू कुठे आहे हे सांगता यावं, अशी अपेक्षा आहे. त्याच आराखड्यात मुलांना स्वतःच्या भावना समजाव्यात आणि हाताळता याव्यात, लक्ष टिकवता यावं, ठरवून एखादं काम करता यावं, हीसुद्धा स्वतंत्र उद्दिष्टं आहेत.

आता आकड्यांचं बघा. 'निपुण भारत' अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. त्यात बालवाटिकेसाठी, म्हणजे पहिलीच्या आदल्या वर्षासाठी, गणिताचं उद्दिष्ट आहे १० पर्यंतचे अंक ओळखणं आणि वाचणं, तसंच वस्तू, आकार किंवा घटना क्रमानं लावणं. ९९ पर्यंतचे अंक वाचणं-लिहिणं हे पहिलीचं उद्दिष्ट आहे.

म्हणजे चार वर्षांच्या मुलाकडून १०० पर्यंत लिहून घेणारी नर्सरी सरकारी उद्दिष्टाच्या दोन-तीन वर्षं पुढे धावते आहे. पण आकार, जागा आणि लक्ष या बाबतीत ती खरंच पुढे आहे का, हे कुणी विचारत नाही.

स्वनियमन म्हणजे गप्प बसणं नाही

'हाताची घडी, तोंडावर बोट' हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी शाळेत ऐकलेलं असतं. त्यामुळे स्वनियमन म्हटलं की शिस्तीत बसलेला वर्ग डोळ्यांसमोर येतो. पण दोन्हींत मोठा फरक आहे.

हाताची घडी घालून बसलेल्या मुलाला बाई आवरत असतात. बाई बाहेर गेल्या की वर्गाचं काय होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. स्वनियमनात मूल स्वतःला आवरतं, आणि तेही कशासाठी तरी.

संशोधक याचे साधारण तीन भाग करतात:

• लक्षात धरून ठेवणं: 'आधी चप्पल काढ, मग हात धू, मग ताटावर बस' या तीन सूचना डोक्यात ठेवून त्या क्रमानं करणं.

• थांबणं: मनात आलेली पहिली कृती लगेच न करणं. घसरगुंडीवर आपला नंबर येईपर्यंत उभं राहणं.

• बदलणं: नियम बदलला की त्याप्रमाणे वागणं. आधी रंगाप्रमाणे मणी वेगळे केले, आता आकाराप्रमाणे करायचे.

हे मोजायची एक सोपी चाचणी अमेरिकेत मेगन मॅक्लेलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. मुलाला सांगायचं, 'डोक्याला हात लाव म्हटलं की पायाच्या बोटांना लाव आणि पायाच्या बोटांना म्हटलं की डोक्याला.' ऐकलेल्याच्या बरोबर उलट करायचं. पुढे त्यात गुडघे आणि खांदेही येतात.

मराठी घरांत हे नवं वाटायचं कारण नाही. 'चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड' या खेळात म्हशीला बोट जमिनीवर ठेवणं ही याच जातीची परीक्षा आहे. 'शिवाजी म्हणतो' या खेळात ते दोन शब्द आले तरच हलायचं, ही तशीच. 'विष-अमृत'मध्ये विष मिळालं की पुतळ्यासारखं उभं राहणं, हीसुद्धा तशीच.

या क्षमतेचा पुढच्या आयुष्याशी काय संबंध? मॅक्लेलँड यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४३० मुलांचा माग काढला होता. चौथ्या वर्षी ज्यांचं लक्ष आणि चिकाटी जास्त होती, त्यांनी पंचविशीपर्यंत कॉलेज पूर्ण करण्याची शक्यता बरीच जास्त निघाली. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांच्या अभ्यासातही लहानपणचं आत्मनियंत्रण आणि बत्तिशीतलं आरोग्य, आर्थिक स्थिती यांचा संबंध दिसला.

आणि नर्सरीच्या वयात भूमिती कुठून आली?

भूमिती म्हटलं की कंपासपेटी, प्रमेयं आणि दहावीचा पेपर आठवतो. पण तीन वर्षांच्या मुलाची भूमिती वेगळी असते. डब्यावर कोणतं झाकण बसेल, खाटेखाली चेंडू कुठून काढायचा, ठोकळ्यांचा मनोरा कशानं पडतो, हे सगळं भूमितीच आहे.

बडनेरा हे जंक्शन आहे. इथल्या मुलाला स्टेशनवर शेजारी-शेजारी धावणारे आणि कधीच एकत्र न येणारे रूळ दिसतात, डब्यांची गोल चाकं दिसतात, लांब आखूड डब्यांची रांग दिसते. तान्ह्या पोळ्याला वऱ्हाडातली पोरं चाकं लावलेला लाकडी बैल ओढतात, तेव्हा चाक गोल का असतं याचा धडा हातात असतो. दारात ठिपक्यांची रांगोळी असते, स्वयंपाकघरात संत्र्याच्या फोडी असतात.

पण नुसतं दिसणं पुरत नाही. मुलांच्या आकारांच्या समजुतीत एक ठरलेली अडचण असते. पाठ्यपुस्तकात आणि भिंतीवरच्या तक्त्यात त्रिकोण नेहमी एकाच प्रकारचा असतो. तिन्ही बाजू जवळपास सारख्या, पाया खाली, टोक वर. मग तोच त्रिकोण उलटा केला किंवा लांब आणि निमुळता काढला, तर अनेक मुलं 'हा त्रिकोण नाही' म्हणतात. चौकोन तिरका करून ठेवला की तो चौकोन राहत नाही, शंकरपाळा होतो.

म्हणजे मुलाला त्रिकोण हा शब्द आणि त्याचं एक चित्र माहीत असतं. तीन सरळ बाजू आणि तीन कोपरे असले की तो त्रिकोण, मग तो कसाही पडलेला असो, हे माहीत नसतं.

घडीची पोळी करताना हे छान दिसतं. लाटलेली पोळी एकदा दुमडली की अर्धगोल. पुन्हा दुमडली की त्रिकोणासारखी. पण खरंच त्रिकोण का? दोन बाजू सरळ आहेत, तिसरी वाकडी आहे. मुलाला बोट फिरवून बघायला सांगितलं तर त्याला हे स्वतःच सापडतं. तक्त्यावरचा त्रिकोण शंभर वेळा गिरवून ते सापडत नाही.

दोन्हींचा सांधा इथे जुळतो

उलटा, निमुळता त्रिकोण समोर आल्यावर मुलाच्या मनात पहिलं काय येतं? 'हे तर वेगळंच दिसतंय.' बरोबर उत्तरासाठी त्याला हा पहिला अंदाज रोखावा लागतो, बाजू मोजाव्या लागतात आणि त्रिकोणाचा नियम डोक्यात धरून ठेवावा लागतो.

म्हणजे थांबणं, लक्षात ठेवणं आणि दृष्टी बदलणं. स्वनियमनाचे तिन्ही भाग इथे कामाला लागतात.

चित्रकोड्याचा तुकडा बसत नसेल तर जोर लावून कोंबायचा नाही, फिरवून बघायचा. ठोकळ्यांचा मनोरा पडला तर रडायचं नाही किंवा रडून झाल्यावर पुन्हा रचायला घ्यायचा. खाली रुंद ठोकळा ठेवला तर टिकतो, हे पडल्याशिवाय कळत नाही आणि पडल्यावर टिकून राहिल्याशिवायही कळत नाही. इथे भूमिती आणि धीर एकमेकांना शिकवत असतात.

अमेरिकेतल्या ब्रायन वर्डिन, कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ यांच्या गटानं २०१४ मध्ये ४४ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलांची आकार जुळवण्याची क्षमता आणि स्वनियमनाच्या मुळाशी असलेली कौशल्यं तपासली, तर चौथ्या वर्षीच्या गणितातला ७० टक्क्यांहून अधिक फरक या दोन गोष्टींवरून सांगता येत होता. अभ्यास छोटा आहे, पण त्याची दिशा इतर संशोधनाशी जुळते.

शब्दांचाही यात वाटा आहे. अमेरिकेतल्याच २०११ च्या एका अभ्यासात असं दिसलं, की ज्या घरांत लहान मुलांशी बोलताना कोपरा, कड, उंच, वाकडं असे आकाराचे आणि जागेचे शब्द जास्त वापरले जातात, ती मुलं पुढे असे शब्द स्वतः जास्त वापरतात आणि साडेचार वर्षांच्या आसपास आकारांच्या कोड्यांत सरस ठरतात.

इथे वऱ्हाडी घरांसाठी एक मुद्दा आहे. मूल 'मांगं', 'इकळे', 'तिकळे' म्हणत असेल तर त्याला जागेची कल्पना आहे, ती त्याच्या बोलीत आहे. 'मागे' म्हण, 'इकडे' म्हण, असं टोकत बसल्यानं ती कल्पना वाढत नाही. प्रमाण शब्द त्याच्या जोडीला नंतर येऊ शकतात. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे आणखी महत्त्वाचं आहे.

मग खेळ खेळले की गणित आपोआप येतं का?

नाही. आणि याचा सगळ्यात मोठा पुरावा भारतातूनच आला आहे.

हार्वर्डच्या एलिझाबेथ स्पेल्के, २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलच्या मानकरी एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्रथम' संस्थेच्या मदतीनं दिल्लीतल्या २१४ बालवाड्यांमध्ये एक प्रयोग केला. साधारण पाच वर्षांची १,५४० मुलं होती. काही बालवाड्यांत चार महिने संख्या आणि आकारांचे खेळ घेतले गेले. काहींत भावना ओळखण्याचे, सामाजिक खेळ होते आणि काहींत नेहमीचंच चालू होतं. निष्कर्ष जुलै २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले.

गणिताचे खेळ खेळलेल्या मुलांची आकारांची आणि कमी-जास्तची समज सुधारली, आणि ती वर्षभरानंतरही टिकून होती. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या अंकी गणितात त्यांना इतरांपेक्षा फायदा झाल्याचं दिसलं नाही.

याचा अर्थ खेळ वाया गेले असा होत नाही. अर्थ असा, की खेळातली समज आणि पाटीवरची चिन्हं यांच्यामध्ये कुणीतरी पूल बांधावा लागतो. ठिक्कर खेळताना, म्हणजे जमिनीवर चौकोन आखून लंगडीनं ओलांडताना, मूल सहा घरं पार करतं. त्याच घरांत १ ते ६ आकडे लिहिले, 'आता तू चौथ्यात आहेस, पोचायला अजून किती?' असं विचारलं, तर तोच खेळ अंकांपर्यंत पोचतो. हे विचारणारं मोठं माणूस तिथे असावं लागतं.

स्वनियमनाच्या बाबतीतही असंच आहे. मॅक्लेलँड आणि सारा श्मिट यांच्या गटानं अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या मुलांसोबत आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाच्या आत संपणारे गोलातले खेळ घेतले. ढोलाच्या तालावर चालणं-थांबणं, रंग बदलला की नियम बदलणं, असे. मुलांचं स्वनियमन सुधारलं आणि ज्यांची घरची भाषा इंग्रजी नव्हती, त्या मुलांना गणितातही फायदा दिसला. श्मिट यांच्याच २०१८ च्या ५९ मुलांवरच्या छोट्या प्रयोगात ठरवून दिलेल्या ठोकळ्यांच्या खेळाचा फायदा विशेषतः कमी शिकलेल्या आई-वडिलांच्या मुलांमध्ये दिसला.

इथे हे खेळ कुणीतरी ठरवून, हळूहळू अवघड करत नेले होते. मुलांना मैदानात सोडून दिलं आणि झालं, असं नव्हतं.

'आमचं पोरगं हट्टीच आहे' म्हणण्याआधी

स्वनियमनाचा विषय निघाला की सोशल मीडियावर एक जुना प्रयोग हमखास फिरतो. स्टॅनफर्डमध्ये वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरू केलेला मार्शमेलोचा. मुलासमोर एक गोड पदार्थ ठेवायचा. थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील, असं सांगायचं. जी मुलं थांबली ती पुढे यशस्वी झाली, असा त्याचा प्रसिद्ध सारांश.

या गोष्टीचा पुढचा भाग मात्र फारसा फिरत नाही.

२०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड यांनी २८ मुलांसोबत तोच प्रयोग थोडा बदलून केला. काही मुलांना आधी चांगले रंग आणून देण्याचं वचन दिलं आणि पाळलं. काहींना वचन दिलं आणि मोडलं. मग गोड पदार्थ समोर ठेवला. वचन पाळलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. वचन मोडलेली सरासरी तीन मिनिटं.

२०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर मूळ दावा पुन्हा तपासला गेला. घरची परिस्थिती आणि मुलाची सुरुवातीची क्षमता हिशेबात घेतली, तेव्हा थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध बराच कमी झाला.

म्हणजे मूल थांबत नाही, याचं कारण दरवेळी त्याचा स्वभाव नसतो. अनेकदा थांबून काही मिळतं, हा अनुभवच त्याला नसतो. हंगामात कामासाठी गाव बदलणाऱ्या कुटुंबातलं मूल, रोजची भांडणं बघणारं मूल, 'उद्या आणतो' हे रोज ऐकणारं मूल समोर आलेलं लगेच उचलतं. त्याच्या जगात ते शहाणपणाचंच असतं. अशा मुलाला मारून शिस्त लावता येत नाही. त्याला रोज ठरलेल्या वेळी उघडणारी अंगणवाडी, ठरलेला खेळ आणि शब्द पाळणारं मोठं माणूस लागतं.

अंगणवाडी आणि अमरावती: जुनं नातं

या विषयात अमरावती जिल्ह्याचं नाव दोन जागी येतं.

पहिलं ताराबाई मोडक यांच्यामुळे. १८९२ साली जन्मलेल्या ताराबाईंचे पती अमरावतीचे वकील होते. पुढे त्या वेगळ्या झाल्या, भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करू लागल्या आणि १९२६ मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघाची उभारणी केली. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या.

माँटेसरी पद्धतीची परदेशी साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, पानं, दगड, शिंपले हीच साधनं केली. मोठं-लहान, गोल-चपटं, क्रमानं लावणं, जोड्या जुळवणं, सगळं त्यावर. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. 'अंगणवाडी' ही कल्पना तिथली.

दुसरं नाव मेळघाटातल्या धारणीचं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडी हे त्या योजनेचं केंद्र. महाराष्ट्रात त्या पहिल्या यादीत मुंबईतली धारावी आणि अमरावती जिल्ह्यातलं धारणी होतं.

धारणीत योजना आणण्यामागे कुपोषणाचा प्रश्न होता आणि तो आजही मेळघाटाचा पाठलाग करतो आहे. त्यामुळे अंगणवाडीची ओळख 'खाऊ मिळण्याची जागा' अशीच पक्की झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वशालेय शिक्षण हेही योजनेचं पहिल्यापासूनचं काम आहे, हे मागे पडलं.

मग अडतं कुठे?

मुलं येत नाहीत, ही महाराष्ट्राची अडचण नाही. 'असर २०२४' या ग्रामीण भागाच्या सर्वेक्षणानुसार देशात तीन वर्षांची ७७.४ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या पूर्वप्राथमिक केंद्रात जात होती. महाराष्ट्र त्यात जवळपास सगळी मुलं जाणाऱ्या राज्यांपैकी आहे. प्रश्न आत गेल्यावर काय होतं, हा आहे.

'असर'नं २०१९ मध्ये देशातल्या २६ जिल्ह्यांत चार ते आठ वर्षांच्या मुलांचा वेगळा अभ्यास केला होता. महाराष्ट्रातून त्यात नागपूर जिल्हा होता. वर्गवारी करणं, वस्तू कुठे आहे ते सांगणं, क्रम लावणं, नक्षी पुढे नेणं आणि कोडं जुळवणं अशी कामं मुलांना दिली होती. ज्या मुलांना ही कामं चांगली जमत, त्यांची भाषा आणि अंकगणितही चांगलं होतं. लहान वयात थेट मजकुराऐवजी अशा क्षमतांवर भर द्यावा, असं त्या अहवालानं सुचवलं.

राज्याच्या अंगणवाड्यांसाठी 'आकार' नावाचा बालशिक्षण अभ्यासक्रम आहे. केंद्रानं मे २०२३ मध्ये 'पोषण भी, पढाई भी' सुरू केलं, त्यात रोज किमान दोन तास बालशिक्षण अपेक्षित आहे. म्हणजे कागदावर बऱ्याच गोष्टी जागेवर आहेत.

पण ते दोन तास घेणार कोण? अंगणवाडी सेविकेकडे आहार, वजन-उंची, मोबाइलवरच्या 'पोषण ट्रॅकर'मधल्या नोंदी, लसीकरणाचा दिवस, गृहभेटी आणि सर्वेक्षणं असतात. २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरण्याचं कामही त्यांच्याकडे आलं. मानधन आणि इतर मागण्यांसाठी राज्यातल्या सेविका-मदतनीस ४ डिसेंबर २०२३ पासून दीड महिन्याहून जास्त संपावर होत्या. वीस मुलांचा ठोकळ्यांचा डाव घेताना एकेकाला 'हा का पडला?' विचारायला वेळ आणि शांत डोकं लागतं. सगळ्यांना पाटीवर १ ते १० गिरवायला लावणं त्यापेक्षा सोपं पडतं.

शहरी भागात दुसरी अडचण आहे. बडनेरा अमरावती महापालिकेच्या हद्दीत आहे. अशा भागात अंगणवाडीच्या जोडीला खासगी नर्सरी-केजी असतात आणि पालकांचा ओढा तिकडे असतो. तिथे भरलेली वही हीच पावती असते. फी भरणाऱ्या पालकाला संध्याकाळी दाखवायला वही लागते. मुलानं आज दहा मिनिटं आपली पाळी येण्याची वाट बघितली, हे वहीत लिहिता येत नाही. या खासगी केंद्रांवर सरकारची देखरेख वर्षानुवर्षं जवळजवळ नव्हती. २०२५ मध्ये राज्यानं त्यांना ऑनलाइन नोंदणी करायला सांगितलं आहे. पण नोंदणी झाली म्हणजे आतली पद्धत बदलली, असं होत नाही.

आणि तिसरी अडचण घरातली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं, की दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तर आणखी चांगलं. मोबाइलवरचं आकारांचं गाणं मुलाला 'ट्रँगल' हा शब्द देतं. पण त्यात तुकडा हातानं फिरवायचा नसतो, कुणाची पाळी यायची वाट बघायची नसते. रडलं की मोबाइल द्यायचा, ही सवय लागली तर स्वतःला शांत करायची संधीच मुलाला मिळत नाही.

घरी आणि अंगणवाडीत काय करता येईल?

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत.

• डबे आणि झाकणं: आठ-दहा डबे वेगळे करून झाकणं लावायला द्या. बसत नसेल तर लगेच लावून देऊ नका. थोडा वेळ थांबा.

• पोळी, शंकरपाळे, संत्र्याची फोड: 'कोपरे किती? कोणती बाजू वाकडी?' एवढाच प्रश्न. उत्तर चुकलं तर बोट फिरवून बघायला सांगा.

• उलटा त्रिकोण: खडूनं लांब, निमुळते, आडवे, उलटे त्रिकोण काढा. मध्ये एक असा काढा ज्याची एक बाजू वाकडी किंवा उघडी आहे. कोणता त्रिकोण नाही ते ओळखायला सांगा.

• तळ्यात-मळ्यात, उलटं: नेहमीचं जमायला लागलं की नियम फिरवा. आता 'तळ्यात' म्हटलं की बाहेर उडी. हसाहशी होईल, पण तीच तर परीक्षा आहे.

• जागेचे शब्द: 'ते आण' ऐवजी 'कपाटाच्या वरच्या खणात, डाव्या कोपऱ्यात, डब्याच्या मागे आहे ते आण.' मुलाच्या बोलीत सांगा.

• वचन छोटं द्या आणि पाळा: 'पाच मिनिटांनी' म्हटलं तर पाच मिनिटांनीच. पाळता येणार नसेल तर देऊ नका.

यातलं काहीही अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवायची गरज नाही. मूल कंटाळलं की डाव मोडायचा.

प्रवेश घेताना काय विचारायचं?

जून जवळ आला की अंगणवाडी, बालवाडी की कॉन्व्हेंट, हा प्रश्न घराघरांत येतो. तेव्हा पालक सहसा दोनच गोष्टी विचारतात: फी किती आणि इंग्रजी कधीपासून?

आणखी काही प्रश्न विचारता येतील. मुलं दिवसातला किती वेळ हातानं काही रचतात, जुळवतात, फिरवतात? ठोकळे मुलांच्या हाताला लागतात की कपाटात बंद असतात? दोन मुलांचं एका खेळण्यावरून भांडण झालं तर बाई काय करतात, खेळणं काढून घेतात की पाळी ठरवायला शिकवतात? मूल चुकलं तर पुसून पुन्हा लिहायला लावतात की 'तुला असं का वाटलं?' विचारतात?

लिहिणं येणारच आहे. पहिलीच्या वर्षात त्यासाठी पुरेसा वेळ ठेवला आहे आणि सहा वर्षांच्या मुलाची बोटंही तोवर तयार झालेली असतात. तीन ते सहा ही वर्षं मात्र दुसऱ्यांदा मिळत नाहीत. त्यातले रोजचे दोन तास कशावर खर्च होतात, हे अंगणवाडीला, नर्सरीला आणि सरकारलाही विचारायचा हक्क पालकांना आहे.